घरच्या जुन्या मोटारीचा गंज : तो कोठून येतो व त्याशीं कोठवर झुंजावें

विळा, कोयता, कुदळ, कुळवाची पास हीं हत्यारें पावसाळा संपतांच पुसून, त्यांवर तेलाचा हात फिरवून माळ्यावर ठेवण्याची रीत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. परंतु त्याच घरापुढें उभी असलेली जीप किंवा मोटार, जिच्यांत ह्या सर्व हत्यारांच्या किंमतीच्या कित्येक पट पैसा गुंतलेला असतो, ती मात्र ऊनपावसांत, चिंचेखालीं, उकिरड्याच्या कडेला वर्षानुवर्षें उभी राहते. पुढें एके दिवशीं मडगार्डावरचा रंग फुगून आला म्हणजे धनी म्हणतो कीं, आतां गाडीला गंज लागला. वास्तविक तो गंज दोन-चार वर्षांचा असतो. आंतून पत्रा खात खात तो त्या दिवशीं बाहेर निघालेला असतो, इतकेंच.

प्रस्तुत लेखकास ही गोष्ट पैसे मोजून व जिवावरचा प्रसंग टळून कळली. आमच्या घरची जीप १९९८ सालीं बनलेली आहे. ती आम्हीं २००७ सालीं रत्नागिरीकडील एका गृहस्थांकडून वापरलेली अशी विकत घेतली व कऱ्हाडजवळच्या आमच्या मळ्यावर आणली. बाजारास भाजी नेणें, खताचीं पोतीं आणणें, मुलांना शाळेस पोंचविणें, वडिलांना दवाखान्यांत नेणें, हीं सर्व कामें तिनेंच केलीं. २०१५ सालीं तळाच्या पत्र्यास व दारांच्या खालच्या अंगास गंज दिसूं लागला, तेव्हां आम्हीं ती एका रंगाऱ्याकडे नेली. आठ दिवसांत ती नव्यासारखी होऊन परत आली व घरांत सर्वांस आनंद झाला. दोन वर्षांनीं आसनाखालीं पडलेला पाना काढण्यासाठीं मीं चालकाचें आसन पुढें ओढलें, तों त्याचा मागचा बोल्ट भोंवतालच्या पत्र्यासकट वर उचलून आला. खालीं पत्रा असा उरलाच नव्हता. जुन्या गंजाच्या पापुद्र्यावर बोटभर जाडीची लांबी भरून वर रंग मारलेला होता. त्याच आसनावर बसून, मागें मुलें घेऊन, मीं आठच दिवसांपूर्वीं कुंभार्ली घाट उतरलों होतों.

लोखंड गंजतें म्हणजे नेमकें काय होतें, हें एकदां नीट समजून घेतल्यास पुढील उपाय पाठ करावे लागत नाहींत. लोखंड खाणींतून धातूच्या रूपांत निघत नाहीं; तें तांबूस किंवा काळ्या दगडाच्या रूपांत, म्हणजे प्राणवायूशीं जोडलेल्या स्थितींत सांपडतें. भट्टींत कोळशाच्या साह्यानें तो प्राणवायु काढून घ्यावा तेव्हां कोठें लोखंड हातीं येतें. पाणी आणि हवा हीं दोन्ही मिळालीं कीं तें पुन्हां आपल्या मूळ स्थितीकडे वळतें. कोरड्या हवेंत लोखंड गंजत नाहीं, आणि हवा मुळींच विरघळलेली नसलेल्या शुद्ध पाण्यांतहि जवळजवळ गंजत नाहीं. ही क्रिया वस्तुतः एक बारीकशी विद्युत्क्रिया आहे. पत्र्याच्या एका ठिकाणीं लोखंड विरघळतें, शेजारच्या ठिकाणीं प्राणवायु खर्ची पडतो, आणि पत्रा व त्यावरील ओल ह्यांमधून प्रवाह फिरत राहतो. त्या ओलींत मीठ किंवा खत मिसळलें कीं ती वीज अधिक चांगली वाहून नेते व गंजण्याचें काम झपाट्यानें होतें.

द्राक्षबागाईतदारांस व पानमळेवाल्यांस हें उदाहरणानें लगेच पटेल. बोर्डो मिश्रण बरोबर झालें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आपण त्यांत चाकूचें लखलखीत पातें बुडवितों. चुना कमी पडला असल्यास पात्यावर तांबूस थर चढतो. तो थर मोरचुदांतील तांब्याचा असतो, आणि जेवढें तांबें पात्यावर बसलें त्या प्रमाणांत पात्याचें लोखंड विरघळून द्रवांत गेलेलें असतें. मोरचुदाची फुटकी पिशवी गाडीच्या तळावर सांडली व वर पावसाचें पाणी पडलें म्हणजे त्या पत्र्याचें काय होत असेल, ह्याची कल्पना ह्यावरून करावी.

आणखी एक गोष्ट प्रथम चमत्कारिक वाटेल. ओल्या चिखलाचा गोळा पत्र्यास चिकटून राहिला तर सर्वांत जास्त गंज गोळ्याच्या कडेस, जेथें हवा मोकळी लागते तेथें पडेल, असें आपणांस वाटतें. प्रत्यक्षांत पत्रा खचतो तो गोळ्याखालीं, जेथें हवा कमी पोंचते तेथें. हवेशीर भाग सुरक्षित राहतो व झांकलेला भाग त्याच्या वांट्याचा विरघळतो. चिखल, पालापाचोळा, ओलें तरट, रबरी चटई, दोन पत्र्यांचा सांधा, अर्धवट सुटलेला रंग, हे सर्व गंजाचे आश्रय होत, त्याचें कारण हेंच. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षां दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. म्हणून रंग फुगतो, सांधे उलतात, आणि उललेल्या सांध्यांत आणखी पाणी शिरतें.

आमच्या जीपेच्या वांट्यास दोन्ही प्रकारचे क्षार आले. कोंकणांत समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण येतात व ते पत्र्याच्या सांध्यासांध्यांतून बसतात. मीठ हवेंतील दमटपणा ओढून घेतें, त्यामुळें पाऊस नसतांनाहि पत्रा ओला राहतो. सुटीच्या दिवशीं मंडळी हौसेनें मोटार पुळणीवर, थेट लाटांपर्यंत नेतात. त्यांनीं घरीं परततांच गाडीचा तळ गोड्या पाण्यानें धुऊन काढावा, नाहीं तर त्या हौसेची किंमत पुढें चार-पांच वर्षांनीं द्यावी लागते. घाटावर समुद्र नाहीं, परंतु खत आहे. पोटॅश म्हणून आपण जें तांबडें खत घालतों तें बहुधा पोटॅशियमचें क्लोराइड असतें. लोखंडाच्या दृष्टीनें तें मिठाचें सख्खें भावंड. अमोनियम सल्फेट ओलें झालें म्हणजे आंबट गुण दाखवितें. युरिया स्वतः तितका दुष्ट नाहीं, पण ओल धरून ठेवतो. वासरूं किंवा शेळी गाडींतून नेली असेल तर मूत्र चटईखालीं मुरतें. बॅटरीखालच्या पत्र्याची गोष्ट निराळी. तेथें तेजाबाचे थेंब पडतात, म्हणून तो भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें मधूनमधून धुऊन, कोरडा करून, रंगवून ठेवावा.

तथापि क्षार कितीहि असले तरी पाण्यास निघून जाण्याची वाट मिळाल्यास फारसें बिघडत नाहीं. कृष्णाकांठच्या क्षारपड जमिनींचा अनुभव ज्यांस आहे त्यांस ह्याहून जास्त सांगावयास नको. पाणी भरपूर दिलें, निचरा ठेवला नाहीं, पाणी उडून गेलें आणि क्षार मागें राहिला, हीच त्या जमिनींची कथा. आणि मोटारीच्या दाराचीहि नेमकी तीच. दाराच्या कांचेच्या फटींतून पावसाचें पाणी आंत उतरतें, ही चूक नसून योजना आहे. तें खालच्या कडेस ठेवलेल्या छोट्या भोंकांवाटे बाहेर पडावें अशी कारखानदाराची अपेक्षा असते. हीं भोंकें धूळ व पाला ह्यांनीं बुजलीं कीं दार म्हणजे पाण्यानें भरलेली डबी होते. दारांखालच्या लांब पोकळ पट्टीस व मागच्या दाराच्या तळासहि अशींच भोंकें असतात. पुढच्या कांचेच्या पायथ्याशीं, पाणी पुसणाऱ्या दांड्यांच्या खालीं जी पन्हळ असते, तींत चिंचेचा बारीक पाला दाबून बसतो व त्याचें काळें ओलें खत होतें. आमच्या जीपेच्या ह्या पन्हळींतून मीं ओंजळभर खत काढलें, त्यांत चिंचेचें रोपहि उगवलेलें होतें.

म्हणून पहिलें काम निचऱ्याचें. भोंकें बांबूच्या काडीनें मोकळीं करावीं. लोखंडी तार खुपसूं नये, कारण ती आंतला रंग ओरबाडते व नवें घर करून देते. मग दारांत वरून तांब्याभर पाणी ओतून तें खालून निघतें कीं नाहीं तें पाहावें. चटया व तरटें काढून तळ उन्हांत उघडा ठेवावा. खत आणल्यानंतर गाडी झाडून, तळ वरून व खालून धुऊन, दारें उघडीं टाकून वाळवावी. ओल्या गाडीवर ताडपत्री कधींहि घालूं नये. त्यापेक्षां ती उघडी राहिलेली बरी. गवतावर किंवा ओल्या मातीवर उभी करण्याऐवजीं फरशीवर किंवा मुरुमावर उभी करावी. ह्या साऱ्यास पैसा जवळजवळ लागत नाहीं, आणि माझ्या मतें गंजाविरुद्धच्या कामांपैकीं अर्ध्याहून अधिक काम येथेंच होतें.

ह्यानंतर परीक्षा. ती डोळ्यांनीं करण्याची नसून हातांनीं व कानांनीं करावयाची आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनें तळाच्या पत्र्यावर वीत-वीत अंतरानें ठोकत जावें. धड पत्रा खणखणतो, खाल्लेला पत्रा बद्द बोलतो. शंका येईल तेथें टोंक दाबून पाहावें. टोंक आंत गेलें तर वाईट वाटून घेऊं नये, कारण भोंक टोंकानें पाडलेलें नाहीं, तें पूर्वींच पडलेलें होतें. रंगीत भागावर लांबी भरली आहे कीं काय, हें पातळ फडक्यांत गुंडाळलेल्या लोहचुंबकानें कळतें. जेथें लांबीचा थर जाड तेथें चुंबक चिकटत नाहीं. वापरलेली गाडी विकत घेतांना हा चुंबक खिशांत असावा. मीं २००७ सालीं तो नेला नाहीं.

जेथें गंज वरवरचा आहे व पत्रा धड आहे, तेथील काम घरीं करतां येतें. तारेच्या ब्रशानें व पॉलिश पेपरानें पत्रा पांढरा दिसेपर्यंत घांसावा, आणि आजूबाजूचा धड दिसणारा रंगहि दोन बोटें घांसावा. कारण गंज रंगाखालून सरकत गेलेला असतो. घांसतांना नाकावर फडकें व डोळ्यांस चष्मा पाहिजे. मग थिनरनें पुसून तेलकटपणा काढावा. बारीक खळग्यांत जो गंज उरतो त्यासाठीं फॉस्फोरिक आम्लाचे तयार द्रव बाजारांत मिळतात. त्यांनीं गंजाचें रूपांतर लोखंडाच्या फॉस्फेटमध्यें, म्हणजे लोह व स्फुरद ह्यांच्या संयुगांत होतें व तो थर पत्र्यास धरून राहतो. स्फुरदाचा हा गुण नवा नव्हे. दिल्लीस कुतुबमिनाराजवळ उभा असलेला लोहस्तंभ सुमारें १६०० वर्षांचा आहे. कानपूरच्या आय. आय. टी. मधील प्रा. आर्. बालसुब्रह्मण्यम् ह्यांनीं त्याचा अभ्यास करून असें दाखविलें कीं, त्या लोखंडांत स्फुरदाचा अंश बराच असल्यामुळें त्याच्या पृष्ठावर एक पातळ संरक्षक थर तयार झालेला आहे. कांहीं द्रवांत फॉस्फोरिक आम्लाऐवजीं टॅनिन असतें. तें लावल्यास गंज निळसर काळा पडतो. जुने लोक हिरडा व हिराकस ह्यांची जी काळी शाई करीत, तिचेंच हें रसायन. परंतु म्हणून हिरड्याचा काढा करून गाडीस फांसावा असें मात्र मी सुचवीत नाहीं. तयार द्रवांत टॅनिनबरोबर थर बांधणारीं इतर द्रव्येंहि असतात. आणि कोणताहि द्रव जाड, पापुद्रे सुटलेल्या गंजावर ओतल्यास वाया जातो.

घांसलेला पत्रा उघडा ठेवून जेवावयास जाऊं नये, विशेषतः श्रावणांत; दमट हवेंत उघड्या पत्र्यावर कांहीं तासांत पुन्हां तांबूस छटा येते. हें काम माघ-फाल्गुनाच्या कोरड्या दिवसांत धरावें व अस्तर त्याच दिवशीं मारावें. पूर्वीं अस्तरांत शेंदूर, म्हणजे शिशाचें संयुग, घालीत. तो टिकाऊ खरा, पण शिसें विषारी असल्यामुळें मुलाबाळांच्या घरांत त्याचें नांव काढूं नये, व जुन्या गाडीचा शेंदरी थर कोरडा घांसून त्याची धूळ उडवूं नये. आज गांवोगांव मिळणारें रेड ऑक्साइड स्वस्त आहे. परंतु तें एकटें पाण्यास अडवीत नाहीं, त्यावर रंगाचे दोन हात चढलेच पाहिजेत. ट्रॉलीस रेड ऑक्साइड फांसून ती तशीच पावसांत उभी करण्याची चाल सर्वत्र दिसते, ती निरुपयोगी आहे. दोन भाग मिसळून लावण्याचें इपॉक्सी अस्तर महाग पडतें, पण ओल अडविण्यांत तें कितीतरी सरस आहे. मोटारीच्या तळास तेंच घ्यावें.

जेथें पत्रा आरपार गेला आहे तेथें लांबीचा उपयोग नाहीं. लांबी ही पत्र्यावरील पोचा भरून सपाट करण्याची वस्तु आहे. ती पत्र्याची जागा घेऊं शकत नाहीं, आणि भोंकाच्या मागील ओल तिला कांहीं महिन्यांत सोडवून टाकते. खाल्लेला भाग धड, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापून काढावा व त्या जागीं नव्या पत्र्याचें ठिगळ वेल्डिंगनें बसवावें. सजलेल्या कापडास ठिगळ लावल्यास टांके जसे उसवतात, तसेंच गंजक्या कडेस केलेलें वेल्डिंग उसवतें. मोटारीचा अंगचा पत्रा पाऊण मिलीमीटरच्या आसपास असतो. नांगर जोडणाऱ्या वेल्डरची सवय जाड लोखंडाची असल्यामुळें त्याच्या हातून तो जळून भोंक मोठें होतें, म्हणून डेंटिंगचें काम जाणणारा कारागीरच पाहावा. कामापूर्वीं बॅटरीच्या तारा सोडाव्या, चटया व आसनें काढावीं, डिझेलची टांकी व नळी कोठें आहे तें पाहून घ्यावें, व पाण्याची बादली आणि ओलें पोतें जवळ ठेवावें. ठिगळास जस्ती पत्रा घेतला असेल तर कडेचें जस्त आधीं घांसून काढावें. त्याचा धूर घेतल्यास वेल्डरला थंडीताप भरतो. सर्वांत महत्त्वाचें व सर्वांत अधिक विसरलें जाणारें काम पाठीमागच्या बाजूचें. वेल्डिंगच्या आंचेनें आंतल्या बाजूचा रंग जळून जातो. ती बाजू तशीच राहिल्यास ठिगळ दोन पावसाळ्यांत पुन्हां गंजतें. पोकळ भागांत नळीनें मेणाचा पातळ द्रव फवारावा. तो सांध्यांत शिरतो व तेथेंच थिजतो.

तळास जळकें तेल फांसण्याविषयीं पुष्कळजण विचारतात. तेलानें पाणी दूर राहतें हें खरें. परंतु इंजिनांतून काढलेल्या तेलांत आम्लें व धातूंचा कीस असतो, त्यावर धूळ बसून लगदा होतो, रबरी बुश व नळ्या फुगतात, आणि उरलेलें तेल ठिबकून आपल्याच अंगणांत, विहिरीच्या उताराला मुरतें. डांबरी लेपाविषयींहि सावधगिरी हवी. तो नव्या, कोरड्या, धड पत्र्यावर चांगला. गंजलेल्या पत्र्यावर मारल्यास खालची ओल कोंडली जाते, लेप चिरतो, चिरेंतून पाणी शिरतें आणि वरून सर्व काळें व सुरेख दिसत राहतें. सेवाकेंद्रांतून ‘कोटिंग’ म्हणून जें विकतात, तें घेण्यापूर्वीं तळ धुऊन व घांसून देणार काय, एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर नकारार्थी आल्यास पैसे वांचवावे.

आतां कोठें थांबावें, हा प्रश्न. माझें मत असें कीं, गंजाचे दोन वर्ग करावे. मडगार्ड, बॉनेट, दाराचा पत्रा, मागची फळी ह्यांचा गंज पैशाचा व दिसण्याचा प्रश्न आहे. तो सवडीनें पाहावा, न पाहिला तरी कोणी मरत नाहीं. चासीचे दोन लांब दांडे, स्प्रिंगा जेथें अडकतात ते कान, आसनाचे व सीटबेल्टचे बोल्ट ज्या पत्र्यांत बसतात तो पत्रा, स्टिअरिंगचा पाया आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या, ह्यांचा गंज हा मनुष्याच्या जिवाचा प्रश्न आहे. ब्रेकची नळी खवल्यांनीं भरलेली दिसल्यास ती घांसून रंगवूं नये, बदलावी. चासीस गांवच्या वेल्डरकडून पट्टी मारून घेऊं नये. जाणत्या कारागिरानें ती उघडून पाहावी, आणि दांडा बराच लांब खचला असेल तर गाडी सोडून द्यावी. जिला चासी नसते, अंगचा पत्राच भार वाहतो, अशा लहान मोटारींत दारांखालची पोकळ पट्टी हीच चासी समजावी. ती गेली म्हणजे गाडी गेली. पण आपल्याकडे खर्चाचा क्रम नेमका उलटा असतो. प्रथम रंग, मग आसनांचीं कव्हरें, मग चाकांच्या टोप्या, आणि चासीखालीं कोणी वांकूनहि पाहत नाहीं.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते; पुढें तपासणी होऊन ती दर वेळीं पांच वर्षांकरितां वाढवून मिळते. तपासणीच्या आदल्या महिन्यांत रंग काढून नेण्याची जी धांवपळ चालते, तिनें अधिकाऱ्याची फसवणूक होत असेल वा नसेल, गाडींत बसणाऱ्यांची तर खात्रीनें होते. आमची जीप २०१३ सालीं पहिल्या नूतनीकरणांतून सहज गेली होती, आणि तळ तेव्हांहि फारसा धड नसावा. गाडी सोडून द्यावयाची ठरल्यास ती भंगारवाल्यास नुसती विकून मोकळे होऊं नये. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणें नोंदलेल्या केंद्रांत ती देऊन दाखला घ्यावा व नोंदणी रद्द करून घ्यावी, म्हणजे पुढें तिच्या नंबरावर कोणी कांहीं केल्यास आपल्या दारीं पोलीस येत नाहीं.

२०१७ सालीं आम्हीं जीपेचें अंग चासीवरून उतरविलें. दांडे धड निघाले, हें नशीब. समुद्रकांठीं वाढलेल्या गाडीचे नेहमीं निघत नाहींत. तळाचा पुढचा अर्धा पत्रा कापून नवा बसविला, आसनांच्या बोल्टांखालीं जाड पट्ट्या दिल्या, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, आंतून मेण फवारलें. बाहेरच्या रंगास पैसे उरले नाहींत, त्यामुळें डाव्या दारावर अद्याप अस्तराचाच करडा पट्टा आहे व मुलें त्यावरून हंसतात. २०१८ व २०२३ सालच्या तपासण्यांस गाडी त्याच पट्ट्यानिशीं गेली.

तिची तपासणी आम्ही वर्षांतून दोनदां करतों. एक वैशाखांत, पावसाच्या आधीं. दुसरी खंडेनवमीस, कारण त्या दिवशीं गाडी नाहीं तरी धुवायचीच असते. नारळ फोडण्यापूर्वीं चटया उन्हांत पडतात, दारांचीं भोंकें काडीनें मोकळीं होतात, धाकटी मुलगी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेऊन तळ वाजवीत जाते व बद्द आवाज आला कीं खडूनें खूण करते. झेंडूचा हार बॉनेटवर बांधावयाचा तो सुतळीनें बांधावा. बारीक लोखंडी तार चालत्या गाडीवर हलून रंग कांचतेच, शिवाय दिवाळीपर्यंत स्वतः गंजून पत्र्यावर तांबडी रेघ ठेवून जाते.